स्वतःचं गाणं गाणाऱ्याला गायनशाळेत जागा द्या

मा. अधिष्ठाता,
परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा,
महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वडोदरा



या पत्रात एक मागणी आहे. ती आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं शिक्षण संपण्याआधी एक तरी गाणं स्वतः लिहावं, त्याला स्वतः चाल लावावी, ती स्वरलिपीत उतरवावी आणि लोकांसमोर उभं राहून गावी. भाषा मराठी असो, गुजराती असो, हिंदी असो. साथीला तानपुरा असो की गिटार. त्याला गुण असावेत आणि या उपक्रमाला एक नाव असावं : प्रोफेसर इनायत खाँ रहमत खाँ पठाण.

आपण कपाळाला आठी घालाल, याची कल्पना आहे. गिटार घेऊन फतेगंजच्या कॅफेत गाणारी पोरं आणि सूरसागरकाठची आपली वास्तू यांच्यात एक अदृश्य भिंत आहे, असं दोन्हीकडची माणसं मानतात. पोरांना वाटतं, तिथं गेलो तर आपल्याला दहा वर्षं सरगम घोकायला लावतील. गुरुजनांना वाटतं, ही पोरं तीन सुरांवर आयुष्य काढणार. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण ज्या माणसानं ही शाळा उभी केली त्या मौलाबक्षांना आणि त्यांच्या नातवाला, म्हणजे याच इनायत खाँना, ही भिंत कळलीच नसती.

मौलाबक्षांबद्दल आपल्याला मी काय सांगावं! पण हे पत्र खुलं आहे आणि बडोद्याबाहेरच्या मराठी वाचकाला हे नाव ऐकूनही माहीत नसतं. त्याला बडोदं म्हटलं की आठवतात फैयाज खाँ आणि हिराबाई बडोदेकर. (हिराबाई जन्मल्या मिरजेत; आडनावात तेवढं आमचं गाव घेऊन फिरल्या. त्याचंही आम्हाला कौतुक.) तर मौलाबक्ष १८३३ साली उत्तरेत जन्मले. मूळ नाव चोले खाँ. हिंदुस्थानी गाणं शिकले, मग थेट म्हैसूरकडे जाऊन कर्नाटक संगीत शिकले, वीणा वाजवू लागले. ज्या काळात एका घराण्याचा गवई दुसऱ्या घराण्याच्या चिजेला हात लावत नसे, त्या काळात या माणसानं उत्तर आणि दक्षिण दोन्ही एका गळ्यात घेतलं. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी बसवली. मराठी आणि गुजराती पोरांना कळेल अशी पाठ्यपुस्तकं छापली. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पुस्तकांत फक्त दरबारी चिजा नव्हत्या. गरबेही होते. बायका अंगणात फेर धरून जे गात, तेही त्यांनी स्वरलिपीत मांडलं. त्या काळातल्या 'पॉप'ला शाळेत बाकावर बसवणारा हा पहिला माणूस.

त्यांच्या मुलीच्या, खदीजाबीच्या पोटी ५ जुलै १८८२ रोजी इनायत जन्मले. घर कसं होतं पाहा. आजोबा वीणा वाजवणारे आणि उत्तर-दक्षिण दोन्ही जाणणारे. वडील रहमत खाँ पंजाबकडचे, ध्रुपदाच्या परंपरेतले. मामा अलाउद्दीन खाँ लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आलेले, पाश्चात्त्य बँड आणि स्टाफ नोटेशन जाणणारे. बाहेर शहर मराठी राजाचं, बाजार गुजराती, दारात कीर्तन, चौकात गरबा. अशा घरात वाढलेला मुलगा एकाच प्रकारचं गाणं गाणं शक्यच नव्हतं. चरित्रकार सांगतात की नऊ वर्षांचा असताना त्यानं गणपतीचं स्तोत्र रचून दरबारात गायलं आणि महाराजांनी त्याला बक्षीस आणि विद्यावृत्ती दिली. पठाणाच्या पोरानं गणेशस्तवन रचावं आणि मराठा राजानं त्याला शिक्षणासाठी पैसे द्यावेत, यात त्या काळच्या बडोद्याला काही विशेष वाटलं असेल, असं मला वाटत नाही. आम्हाला आज वाटतं, तो आमचा प्रश्न.

मला थांबायचं आहे ते 'रचून' या गोष्टीपाशी. विद्यावृत्ती नुसतं पाठ म्हणून दाखवल्याबद्दल नव्हती.

पुढे हा मुलगा याच गायनशाळेत शिक्षक झाला. १९०३ साली 'इनायत गीत रत्नावली' हे त्याचं पुस्तक निघालं. त्यात निरनिराळ्या भाषांतली गीतं स्वरलेखनासह. शिवाय हार्मोनियम शिकवणारं एक पुस्तक आणि फिडल शिकवणारं एक. वय अवघं एकवीस! नाव बघा कसं लावलंय, 'इनायत हार्मोनियम शिक्षक'. पुस्तकाला स्वतःचं नाव. आजच्या मुलांनी चॅनेलला स्वतःचं नाव द्यावं तसंच ते. मला त्यातला तरुण आत्मविश्वास फार आवडतो. लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा, शिकवणारा आणि आपल्या नावाची जाहिरातही स्वतः करणारा हा माणूस आपल्या शाळेतून बाहेर पडला, अधिष्ठाता महोदय. नंतर जगानं त्याला संत केलं म्हणून हे सगळं मागं पडलं.

आईच्या निधनानंतर तो बडोद्यातून निघाला. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद, सिलोन, रंगून, कलकत्ता. हैदराबादेत निजामानं त्याला 'तानसेन' म्हणून गौरवलं, असं चरित्रांत येतं. तिथंच त्याला सूफी गुरू भेटले, सय्यद अबू हाशिम मदनी. गावोगावच्या दरबारांत आणि मैफलींत मिळालेली पदकं तो पेटीत जपून बरोबर नेत असे. कलकत्त्यात ती पेटी भाड्याच्या गाडीत राहून गेली आणि गेली ती गेलीच. या हरवण्याची गोष्ट त्यानंच नंतर सांगितली आहे, आणि त्याचे अनुयायी तिच्यात वैराग्याची सुरुवात पाहतात. मला मात्र त्या पेटीत आणखी एक गोष्ट दिसते. दरबारी गवयाची सगळी मिळकत एका पेटीत मावत होती. मानधन नाही, हक्क नाही. महाराजांची मर्जी असेल तोवर पदक.

१९०९ साली याच कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीनं त्याच्या ३१ ध्वनिमुद्रिका केल्या. तबकडीवर नाव होतं 'प्रोफेसर इनायत खाँ आर. पठाण'. तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. ज्या माणसाला तासभर राग मांडायची सवय, त्याला तीन मिनिटांत आरंभ, उठाव आणि शेवट साधायचा. समोर मायक्रोफोन नव्हता, भोंगा होता. त्यात तोंड घालून पूर्ण ताकदीनं गावं लागे, कारण विजेवरचं मुद्रण यायला अजून पंधराएक वर्षं होती. गौहर जानसारखी गायिका तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारत असे, कारण जर्मनीत तबकड्या दाबणाऱ्या कारखान्यात नुसत्या आवाजावरून कोण गातंय ते कळावं कसं? थोडक्यात, आज ज्याला आपण गाण्याचं 'ट्रॅक' होणं म्हणतो त्याची सुरुवात तिथं आहे, आणि त्या सुरुवातीच्या रांगेत आपल्या गायनशाळेचा एक तरुण शिक्षक उभा आहे. सगळ्या ३१ गाण्यांचा संच १९९४ साली पुन्हा काढला गेला. ती ऐकताना पहिली दोन मिनिटं खरखरच ऐकू येते. मग कान सरावतो आणि आवाजातली उमेद कळू लागते. त्यात संताचा शांतपणा शोधू नये. तो मैफल जिंकायला निघालेला गवई आहे.

१३ सप्टेंबर १९१० रोजी तो मुंबईच्या बंदरातून अमेरिकेला निघाला. बरोबर भाऊ महेबूब खाँ आणि नात्यातला भाऊ महम्मद अली खाँ. धाकटा मुशर्रफ नंतर जाऊन मिळाला. जाताना त्यानं गुरूंचा आदेश मानला होता, हे खरं. पण त्याच्याकडे दाखवायला वीणा आणि गळा यांशिवाय दुसरं काही नव्हतं, हेही खरं. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात व्याख्यान आणि गायन झालं. त्यानं पोट कसं भरणार? १९११ मध्ये ही मंडळी रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यात साथीला गेली. ही बाई हिंदुस्थानात पाऊल न ठेवता 'राधा' नाचत होती आणि अमेरिका टाळ्या वाजवत होती. आमचे बडोद्याचे गवई तिच्या नाचाला रंग भरत शहरामागून शहरं फिरले. लंडन झालं, पॅरिस झालं. पॅरिसमध्ये क्लोद देबुसीसारखा संगीतकार त्यांना भेटला, ऐकून खूश झाला. त्याच पॅरिसमध्ये माता हारीच्या नाचालाही त्यांनी साथ केली. पुढे हेरगिरीच्या आरोपावरून जिला गोळ्या घातल्या, तीच माता हारी. मग मॉस्को. तिथं एका नाइट क्लबमध्ये वाजवून पैसे मिळवले आणि टॉलस्टॉयचा मुलगा सर्गेई त्यांच्या चालींमध्ये रस घेऊ लागला. १ जानेवारी १९१४ ला तिथंच मुलगी झाली, नूर. आई ओरा रे बेकर, अमेरिकन. लग्न आदल्या वर्षी लंडनमध्ये झालेलं.

हीच ती नूर इनायत खान. तिची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एवढंच : पॅरिसमध्ये नादिया बुलांजेकडे संगीत शिकली, १९३९ मध्ये जातककथा इंग्रजीत सांगितल्या, युद्धात ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर झाली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छावणीत मारली गेली. बाप ज्या तारखेला बोटीत बसला तीच ही तारीख. तारखांच्या अशा जुळण्यात अर्थ शोधणाऱ्यांपैकी मी नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये असताना इनायत खाँचं गाणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. त्यांची भूमिका अशी की संगीतातून जे मिळायचं ते मिळालं, आता ज्याच्यासाठी ते होतं त्याच्यासाठी तेच सोडायचं. मग प्रवचनं, नादावरची व्याख्यानं, सूफी चळवळ, पॅरिसजवळ स्युरेनला घर. पुस्तकांची नावं मात्र 'गायन', 'वादन' आणि 'नर्तन'. १९२६ मध्ये भारतात परत, आणि ५ फेब्रुवारी १९२७ ला दिल्लीत अंत. वय ४४. निजामुद्दीन वस्तीत त्यांचा दर्गा आहे. युरोप-अमेरिकेतून माणसं तिथं येतात आणि तिथून बडोद्यालाही येतात.

अनुयायांना ही कहाणी सरळ वर चढत जाणारी वाटते : गवई, मग सूफी, मग गुरू. त्यांच्या श्रद्धेचा अनादर न करता सांगतो, मला ती तशी वाटत नाही. नाचाच्या मागे बसून वाजवणं, लोकांनी गाणं न ऐकता पगडी आणि शेरवानी बघणं, प्रत्येक शहरात 'हे हिंदू संगीत आहे का' या प्रश्नाला तोंड देणं, हे चार-पाच वर्षं सोसल्यावर एखाद्याचं गाणं आटू शकतं. त्यागाला कारण नसतं असं थोडंच आहे? आणि घरात ते गाणं सगळं थांबलंही नव्हतं. धाकटे भाऊ महेबूब खाँ इनायत खाँच्या शब्दांना पाश्चात्त्य धाटणीच्या चाली लावतच राहिले. म्हणजे घरातला एक जण शब्द लिहितोय, दुसरा चाल करतोय. बडोद्याची सवय सुटली नाही ती नाहीच.

इकडे बडोद्यात काय झालं, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १९१६ साली सयाजीरावांच्याच आश्रयानं इथं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिच्यामागे होते विष्णु नारायण भातखंडे. पुढे त्यांची लिपी, त्यांची थाटपद्धती, त्यांचे 'क्रमिक पुस्तकमालिके'चे भाग देशभर रुजले. मौलाबक्षांची लिपी कपाटात गेली. भातखंड्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांनी गावोगाव हिंडून हजारो चिजा वाचवल्या, म्हणून आज विद्यार्थ्यापुढे त्या आहेत. पण त्यातून शिकवण्याची एक सवयही लागली : चीज जुनी असते, विद्यार्थी ती उचलतो, परीक्षक तोलतो. विद्यार्थ्यानं नवी करायची, ही गोष्ट परीक्षेच्या बाहेर पडली.

परंपरेचा दाखला देऊन कुणी नकार देणार असेल, तर फैयाज खाँसाहेबांकडे बोट दाखवतो. आफताब-ए-मौसिकी, बडोदा दरबाराचे गवई, 'प्रेमपिया' या नावानं स्वतः बंदिशी बांधत. आपल्या विद्याशाखेत त्या शिकवल्या जात असतील, त्यात मला शंका नाही. सदारंग-अदारंगही तेच करत होते. ज्यांना आपण परंपरा म्हणतो, ती सगळी लिहून गाणारी माणसं होती. विद्यार्थ्यालाच तेवढी बंदी का?

आता पोरांकडे येऊ. आज बडोद्यात मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून चढवणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. दांडिया बाजारातल्या मराठी घरात, अलकापुरीतल्या गुजराती घरात, वाडीत, गोत्रीत. नवरात्र आली की यातली निम्मी एखाद्या मैदानावरच्या ताफ्यात कीबोर्ड नाहीतर ऑक्टोपॅड वाजवतात आणि वर्षभराचा खर्च काढतात. बडोद्याचा गरबा हीच त्यांची रियाजशाळा. पंधरा-वीस हजार माणसं फेर धरत असताना लय हलू न देणं म्हणजे काय, हे त्यांना कुठल्याही पदवीधरापेक्षा नीट कळतं. त्यांना येत नाही ते आपल्याकडे आहे : सूर लावणं, शब्दाचं वजन लयीत कसं बसतं, राग पूर्ण न मांडताही त्याची जागा कशी घ्यायची. मौलाबक्ष असते तर त्यांनी या पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला असता आणि वर त्यांच्या गरब्यांचं पुस्तकही छापलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यांना येत नाही, ती म्हणजे कागद वाचणं. २०२२ साली फाल्गुनी पाठक यांच्या 'मैंने पायल है छनकाई' या १९९९च्या गाण्याचं नवं रूप बाजारात आलं. चाहते चिडले, आणि फाल्गुनीबेननी जाहीरपणे सांगितलं की कायदेशीर पाऊल उचलायची इच्छा आहे, पण गाण्याचे हक्क आपल्याकडे नाहीत. ज्यांच्या आवाजावर अख्खा पश्चिम भारत नवरात्रीत नाचतो, त्यांची ही गत, तर गोत्रीतल्या पोराची काय? २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांना गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा वाटा आहे आणि तो त्यांच्याकडून कराराच्या ओळीत लिहून घेता येत नाही, असं त्या दुरुस्तीनं ठरवलं. तरीही पोरं आलेल्या कागदावर सही करून मोकळी होतात, कारण गाणं निघतंय याचाच आनंद मोठा. विद्यापीठात कायद्याची विद्याशाखा आहे. तिथल्या एखाद्या प्राध्यापकानं वर्षातून चार दुपारी येऊन करार कसा वाचायचा, नोंदणी कुठं करायची, चालीचा हक्क कुणाचा आणि ध्वनिमुद्रणाचा कुणाचा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

म्हणून मागणीचा तपशील असा. शेवटच्या वर्षी स्वतःचं एक गाणं, त्याच्या स्वरलिपीसह. स्वरलिपी भातखंड्यांचीच ठेवा, पण एका तासात मौलाबक्षांची लिपी कशी होती ते फळ्यावर लिहून दाखवा. आपल्याच शाळेनं घडवलेली गोष्ट आपल्या विद्यार्थ्याला वाचता येऊ नये हे बरं नाही. १९०९च्या ३१ तबकड्या विद्यार्थ्यांना बसून ऐकवा, आणि त्यातली एक निवडून तीन मिनिटांत गाणं कसं मांडलंय ते उलगडून सांगायला लावा. ५ जुलैला, इनायत खाँच्या जन्मदिवशी, संध्याकाळी शाळेचं दार शहरासाठी उघडा. विद्यार्थी असो की रस्त्यावरचा गिटारवाला, अट एकच : शब्द आणि चाल दोन्ही गाणाऱ्याची. परीक्षक नकोत, बक्षीस नको. हवं तर पाहुणे म्हणून दिल्लीहून सूफी मंडळींना बोलवा. आपल्या गुरूच्या गावात पोरं काय गातायत ते त्यांनाही ऐकू दे. गुरुजनांची एकच रांग पुढे ठेवा, म्हणजे पोरं सूर सांभाळून गातील.

पहिल्या वर्षी निम्मी गाणी सुमार निघतील, हे मी आत्ताच मान्य करतो. 'इनायत गीत रत्नावली'तलं प्रत्येक गीतही रत्न असेल असं मी मानत नाही. खर्चाचं म्हणाल तर सभागृह आपलं आहे, माईक आपला आहे, आणि पावसाळ्यात ५ जुलैला दुसरा कार्यक्रम सहसा ठेवत नाहीत. चहाचा खर्च दांडिया बाजारातली मंडळी उचलतील. तेवढ्यापुरतं मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे.

आपलं उत्तर येईपर्यंत पुढच्या वर्षीचा ५ जुलै कोणत्या वारी येतो, ते पाहून ठेवतो.

आपला,
बडोद्याचा एक मराठी रहिवासी